उसातला बिबट्या आणि छातीतले बैल

सरका जवळ, पोरांनो. परवा तुमच्या वर्गातल्या एका मुलीला आकडी आली. ती शुद्धीवर आल्यावरही तिची छाती धडधडत होती, हे पाहून तुम्ही घाबरलात ना? मग आधी बेडकाच्या काळजाची गोष्ट ऐका.

ऑस्ट्रियात ग्राझ शहरात ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. त्यांना झोपेत एक प्रयोग सुचला. उठून त्यांनी तो कागदावर खरडला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! पुढच्या रात्री तेच पुन्हा सुचलं, तेव्हा हा गृहस्थ तडक प्रयोगशाळेत गेला. बेडकांची दोन काळजं काढून खारट द्रावणात ठेवली. दोन्ही बाहेर काढूनही धडधडतच होती. एकाच्या वेगस नावाच्या नसेला विजेने डिवचलं, तसे त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्यातलं द्रावण दुसऱ्याला दिलं, तर तेही मंदावलं! म्हणजे नस काळजाशी रसायनातून बोलते. हे १९२१ साली छापून आलं आणि १९३६ साली लोवींना नोबेल मिळालं.

बाजाराहून परतताना गाडीवान झोपला तरी बैल घर गाठतात. काळीजही तसंच आपल्या चालीनं चालतं. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. वेगस नस म्हणजे कासरा, आणि दुसऱ्या बाजूच्या नसा म्हणजे चाबूक.

हा चाबूक कधी बसतो, ते बघा. आपल्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. माणूस उसात दारं धरायला जातो. अकोले तालुक्यातल्या उसात बिबटे नांदतात, विद्या अत्रेय यांनी त्यांचा अभ्यासच केलाय. पाचट खसफसलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात आणि छातीतले बैल उधळतात. बिबट्या नव्हे, मांजर निघालं, की वेगस कासरा ओढते.

आकडीत मात्र बिबट्या नसतानाच चाबूक बसतो. मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम पेटतात. ती खळबळ कानशिलामागच्या भागात पोचली, की ठोके सांभाळणारी ठिकाणंही तिच्या तावडीत सापडतात. म्हणून बहुतेक आकड्यांत नाडी वाढते. कधी कधी तर हातपाय झटकण्याआधीच. क्वचित उलटंही होतं, काळीज काही सेकंद थबकतं. १९०६ साली रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी आकडी सुरू होताना रुग्णाची नाडीच बंद पडल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवलंय.

आता मनगटावर बोटं ठेवा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद, सोडताना संथ. लागलं हाताला? निरोगी काळीज घड्याळासारखं एकसारखं कधीच चालत नाही. हा चढउतार वेगसमुळे. वर्षानुवर्षं आकड्या येत राहिल्या, तर तो कमी झालेला आढळतो, म्हणजे कासरा सैल पडतो. त्यात काळजीची भर पडली की चाबूक चालूच. आणि ज्यांना हा आकड्यांचा आजार आहे त्यांना विचारा, आकडी कशानं येते? ताण आणि जागरण हीच उत्तरं बहुतेक मिळतात. उसाला रात्रभर पाणी देणाऱ्याच्या वाट्याला दोन्ही येतात.

गंमत बघा, काहींना गोळ्यांनी गुण येत नाही तेव्हा डॉक्टर छातीत कातडीखाली एक यंत्र बसवून याच वेगसला हलके झटके देतात. अमेरिकेत त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. तार सहसा डाव्या नसेला जोडतात, कारण ठोक्याच्या उगमाशी उजवीचा संबंध जास्त!

पण सगळ्यात वाईट ताण आपण माणसंच देतो. लग्न जमणार नाही म्हणून मुलीचा आजार लपवायचा, गोळ्या चोरून घ्यायला लावायच्या. हे मला मुळीच पटत नाही. लपवण्याच्या नादात गोळी चुकते, आणि चुकलेली गोळी आकडी आणते.

तेव्हा वर्गात पुन्हा असं झालं तर तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. कांदा नाकाला लावू नका. तो घोडेगावच्या बाजारात शोभतो, त्यानं आकडी थांबत नाही. विहिरीवर पोहायला तिला एकटीला जाऊ देऊ नका. आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांवर गेली, तर लोणीचं प्रवरा असो की नगरचं सिव्हिल, जवळ असेल ते हॉस्पिटल गाठा.