डोक्याला लागलेला मुका मार

मैत्रिणींनो, मुलगी मैदानावरून गुडघा फोडून घरी आली की आपण धावत हळद आणतो. पाय मुरगळला तर आंबेहळदीचा लेप घालतो. पण ‘आई, जरा डोकं दुखतंय गं,’ एवढंच म्हणाली तर? ‘उन्हात खेळलीस ना, बाम चोळ आणि पड थोडी,’ असं म्हणून आपण पोळ्या लाटायला वळतो. रक्त नाही, सूज नाही, मग काळजी ती कशाची?

अशाच न दिसणाऱ्या माराची ही एक खरी गोष्ट.

कॅनडातल्या ओटावा शहरात रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी होती. शाळेच्या मुलींच्या रग्बी संघाची ती कप्तान. रग्बी म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडायचा खेळ. आपल्या कबड्डीतली पकड आठवा, पण ही पकड भरधाव धावत येऊन घातलेली! या खेळातल्या बहुतेक दुखापती अशा पकडीतच होतात. आणि संघ जितका वरचा, तितकी धडक जोराची.

मे २०१३ मध्ये सहा दिवसांत तीनदा रोवनच्या डोक्याला मार बसला. पहिल्या दोन वेळी ती उठली, चालू लागली. डोकं मात्र दुखत राहिलं. तिने ते मैत्रिणीला कळवलं. ‘कन्कशन’ म्हणजे काय, हे इंटरनेटवर शोधूनही पाहिलं. म्हणजे पोरीच्या मनात शंका आली होती हो! तरीही ८ मे रोजी ती पुन्हा सामन्यात उतरली. पकडीत ती डोक्यावर आणि मानेवर आपटली, बेशुद्ध झाली, ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. १२ मे रोजी ती गेली. त्या दिवशी तिकडे ‘मदर्स डे’ होता.

असं का झालं? आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यात तरंगत असतो. जोराचा हिसका बसला की तो आतल्या आत हलतो. हेच कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. बहुतेकदा यात शुद्ध हरपत नाही आणि स्कॅनमध्येही काही दिसत नाही. विश्रांती मिळाली तर बहुतेक मुलं बरी होतात. पण तो मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदू भराभर सुजतो आणि हातात वेळच उरत नाही. हा धोका कोवळ्या वयात अधिक.

मग मुली सांगत का नाहीत? अहो, अंतिम सामना जवळ आलेला असतो, संघातली जागा जाईल अशी भीती असते. शिवाय ‘एवढंसं डोकं दुखलं म्हणून बसलीस?’ असं कुणी म्हटलं तर? 

रोवनच्या आईवडिलांनी दुःख उरात कोंडून ठेवलं नाही. २०१५ साली चौकशी होऊन ४९ शिफारशी झाल्या, आणि २०१८ साली ओंटारिओ प्रांतात ‘रोवनचा कायदा’ झाला. डोक्याला मार बसल्याची शंका आली, तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचं, असा तो नियम.

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. भारताच्या मुलींचा १५ जणींचा रग्बी संघ २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला, २०१९ मध्ये त्याने सिंगापूरला हरवलं. आणि कबड्डी, फुटबॉल तर आपल्या गल्लीतच चालतात. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी, चक्कर, मळमळ, धूसर दिसणं, उजेड सहन न होणं, विसरभोळेपणा किंवा विनाकारण चिडचिड दिसली, तर त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांना दाखवा.

• पहिला दिवसभर तिला एकटी सोडू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखणं थांबवायची गोळी देऊ नका.

• पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, हातापायात अशक्तपणा, बरळणं, किंवा हाक मारून जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

• परतण्याची घाई नको. आधी शाळा, मग हलका व्यायाम, सामना सर्वांत शेवटी. ब्रिटनच्या २०२३ च्या सूचनांत सामन्यात परतायला किमान २१ दिवस सांगितले आहेत.

खेळ मात्र बंद करू नका हं! नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. आज संध्याकाळी ती घरी आली की ‘जिंकलात का?’ याच्या आधी ‘कुठे लागलं का गं?’ एवढं विचारा. आणि ती ‘डोकं दुखतंय’ म्हणाली, तर हातातलं लाटणं क्षणभर खाली ठेवा.