आधी पळ, मग रिप्लाय दे!

३० जुलै २०२५. पहाटेचे पाच वाजायला सहा मिनिटं बाकी होती. आपल्याकडे बहुतेक सगळे साखरझोपेत होते तेव्हा रशियाच्या कामचात्का किनाऱ्याजवळ समुद्राखाली ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. पंधरा मिनिटांच्या आत जपानमध्ये त्सुनामीची पहिली सूचना निघाली. पाठोपाठ हवाई, अलास्का, कॅलिफोर्निया अशी प्रशांत महासागराच्या काठावरची एकेक जागा जागी होत गेली. आपण उठून फोन हातात घेतला तोपर्यंत सगळ्या फॅमिली ग्रुप्सवर एकच प्रश्न फिरत होता, ‘आपलं कुणी आहे का रे तिकडे?’

आणि आपलं कुणीतरी असतंच. पुण्यात जपानी भाषेचे क्लास चालवणाऱ्यांना विचारा, दरवर्षी किती मुलं तिकडे नोकरीला जातात ते. बे एरियाचं तर सांगायलाच नको. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाने कॅलिफोर्निया आणि हवाईमधल्या भारतीयांसाठी खास सूचना काढली, इमर्जन्सी नंबरही दिला. हा नंबर किती जणांच्या आईबाबांकडे सेव्ह होता, हा वेगळा विषय.

आमच्या घरातलं सांगते. माझा मावसभाऊ, आमचा दादा, टोकियोजवळ फुजिसावाला राहतो. घरापासून समुद्र चालत वीस मिनिटांवर. तिकडे सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी साध्या सूचनेचा इशारा झाला, ‘तीन मीटरपर्यंत लाटा येऊ शकतात, किनारा सोडा’. तेव्हा आपल्याकडे वाजले होते सहा दहा. मावशीने टीव्ही लावला आणि फोन करायला सुरुवात केली. रिंग जात होती, दादा उचलत नव्हता. पंधरा-सोळा कॉल. नंतर कळलं की तो तेव्हा पाठीवर बॅग टाकून एका शाळेच्या इमारतीकडे निघाला होता, फोन बॅगेत होता. वर पोहोचल्यावर त्याने एकच ओळीचा मेसेज टाकला आणि पुढचे दोन तास बॅटरी वाचवायला गप्प बसला. मावशीच्या मते हे दोन तास म्हणजे उद्धटपणा. माझ्या मते त्या दिवशी त्याने केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, सानरिकू भागात, एक शब्द आहे, ‘तेन्देन्को’. अर्थ साधा, ज्याने त्याने आपापलं. त्सुनामी आली की कुणाची वाट न बघता, कुणाला शोधायला न जाता, प्रत्येकाने आपापलं उंचावर पळायचं. ऐकायला निष्ठुर वाटतं ना? पण त्या किनाऱ्याने १८९६ च्या त्सुनामीत बावीस हजारांच्या आसपास माणसं गमावली. आई मुलाला शोधायला गेली, मुलगा आजीला आणायला गेला आणि अख्खी घरंच्या घरं संपली. त्या अनुभवातून हा शब्द रुजला. तो देशभर पोहोचवणारे इतिहासकार फुमिओ यामाशिता यांनी १९३३ ची त्सुनामी लहानपणी स्वतः पाहिली होती. त्यांचे वडील मागे वळूनही न बघता पळाले होते.

आता गंमत अशी की ‘तेन्देन्को’ चालतं ते विश्वासावर. तुम्ही पळालाच आहात याची मला खात्री असेल तरच मी तुम्हाला शोधायला येणार नाही. कामाइशी शहरात तोशिताका कातादा हे प्राध्यापक अनेक वर्षं शाळकरी मुलांना हेच शिकवत होते. घरी जाऊन आईबाबांना सांगा, मी नक्की पळणार आहे, मला घ्यायला शाळेत येऊ नका, तुम्हीही पळा. ११ मार्च २०११ ला त्याची परीक्षा झाली. उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेची मुलं भूकंप थांबताच पळाली. त्यांना पळताना बघून शेजारच्या प्राथमिक शाळेची पोरंही निघाली. ठरलेल्या जागेवर पोहोचल्यावर ती थांबली नाहीत, अजून उंच गेली, मग अजून उंच. दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या, आणि शाळेत असलेली सुमारे ५७० मुलं वाचली. शहरात हजाराच्या आसपास माणसं गेली त्या दिवशी.

म्हणून मावशीचं आणि दादाचं आता असं ठरलंय की इशारा आला की पहिला अर्धा-एक तास कुणी कुणाला फोन करायचा नाही. तो पळतोय, असं धरूनच चालायचं. मावशीला हे पटवायला दोन रविवार गेले.

फोन न करण्याचं दुसरं कारण तांत्रिक आहे. मोठ्या आपत्तीत एकाच वेळी लाखो लोक कॉल करतात आणि नेटवर्कचा गळा आवळला जातो. २०११ मध्ये जपानमधल्या कंपन्यांना काही ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत व्हॉइस कॉल रोखावे लागले होते, कारण अग्निशमन आणि अॅम्ब्युलन्सचे कॉल जायला हवेत. इंटरनेटवरून जाणारे मेसेज त्या मानाने कमी अडतात. छोटा मेसेज थांबत थांबत का होईना, पोहोचतो. त्यात कामाचं तेवढंच लिहायचं. ‘सेफ आहे. शाळेची गच्ची, तिसरा मजला. बॅटरी ६० टक्के. १२ वाजता पुन्हा मेसेज करेन.’ बस! पुढचा मेसेज कधी येणार ते लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यामुळे इकडच्या माणसाला १२ पर्यंत तरी धीर धरता येतो. (आपल्याकडे ‘लास्ट सीन’ बघून निष्कर्ष काढायची जी कला आहे, ती अशा वेळी बाजूला ठेवायची.)

जपानमध्ये यासाठी एक भन्नाट सोय आहे, १७१. आपत्तीच्या काळात या नंबरवर फोन करून तुम्ही ३० सेकंदांपर्यंतचा निरोप रेकॉर्ड करून ठेवायचा. तुमचा फोन नंबर माहीत असलेलं कुणीही तो ऐकू शकतं. इंटरनेटवरची आवृत्तीही आहे आणि ती इंग्रजीतही चालते. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला हे सगळं फुकट करून बघता येतं. जपानमध्ये राहणाऱ्यांनी एकदा तरी करून बघा, कारण ऐन वेळी कुठलं बटण दाबायचं ते आठवत नाही.

आता पाण्याबद्दल. त्सुनामी म्हणजे सिनेमातली एकच उंच लाट, हा समज डोक्यातून काढून टाका. ती लाटांची मालिका असते, तासन्‌तास चालते, आणि पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही. ३० जुलैला जपानच्या किनाऱ्यावर पहिल्या लाटा सकाळी साडेदहाच्या आसपास दिसल्या, अगदी छोट्या. सगळ्यात उंच नोंद इवाते प्रांतातल्या कुजी बंदरात झाली, १.३ मीटर, आणि ती दुपारी दोनच्या सुमारास. सगळ्या सूचना पूर्णपणे मागे घ्यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उलटून गेली. कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीने याची किंमत १९६४ मध्ये मोजली आहे. पहिल्या लाटा ओसरल्यावर काही लोक साफसफाई करायला परतले आणि चौथ्या, सगळ्यात मोठ्या लाटेत सापडले. म्हणून ‘ऑल क्लिअर’ अधिकृतपणे येईपर्यंत खाली उतरायचं नाही.

‘दीड मीटरच तर आहे’ असंही कुणी म्हणू नका. गुडघ्याच्या खाली असलेलं ३० सेंटिमीटर पाणीसुद्धा जोरात वाहत असेल तर माणसाला उभं राहू देत नाही. आणि त्या दिवशी जपानमधला धोका फक्त पाण्याचा नव्हताच. देशात उन्हाचा कहर होता, ह्योगो प्रांतात त्याच दिवशी ४१.२ अंशांचा तोवरचा उच्चांक नोंदला गेला. किनाऱ्यावरच्या सुमारे २० लाख लोकांना उंचावर जायला सांगितलं होतं, त्यातले कितीतरी जण गच्च्यांवर आणि टेकड्यांवर तळपत्या उन्हात बसून होते. मिए प्रांतात सुरक्षित जागी जाताना गाडी कड्यावरून कोसळून एका महिलेचा जीव गेला. होनोलुलूमध्ये सगळे एकदम गाड्या घेऊन निघाल्यामुळे रस्तेच तुंबले. त्यामुळे शक्य असेल तिथे पायी जा, आणि बॅगेत पाणी, टोपी, पॉवर बँक, औषधं आणि पासपोर्ट ठेवा. दादा म्हणतो, त्या दिवशी छत्रीने त्याला वाचवलं. त्सुनामीत छत्री!

इकडे आपण काय करत होतो? रील्स फॉरवर्ड. एका जपानी मंगामध्ये जुलै २०२५ च्या संकटाचं भाकीत आहे म्हणून आधीच गोंधळ घातला गेला होता. ते ५ जुलैला खोटं ठरलं, तर ३० तारखेला लोकांनी ‘बघा, खरं झालं’ म्हणून पुन्हा उकरून काढलं. किनाऱ्यावर आलेल्या व्हेल माशांचा व्हिडिओ भूकंपाशी जोडून फिरला, प्रत्यक्षात ते भूकंपाच्या आधीच आले होते. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हे बघून काय करायचं? तुमच्या ग्रुपवर असे एक काका असतील तर त्यांना त्या दिवसापुरतं प्रेमाने गप्प करा.

भारताला त्या दिवशी धोका नव्हता, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने तसं लगेच स्पष्ट केलं. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे उभं राहिलेलं इशारा केंद्र २००७ पासून काम करतंय. पण ‘आपल्या अरबी समुद्रात असलं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक तारीख, २८ नोव्हेंबर १९४५. मकरान किनाऱ्याजवळ पहाटे मोठा भूकंप झाला आणि काही तासांनी, सकाळी, लाटा मुंबईत पोहोचल्या. वर्सोवा, जुहू, दांडा, हाजी अली या भागांत माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा इशारा द्यायला कुणी नव्हतं. आज राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अॅप आहे. ते घ्या, भाषा मराठी करा. आणि किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र अचानक खूप आत गेला, तर नोटिफिकेशनची वाट बघू नका, शूट तर मुळीच करत बसू नका. आत किंवा उंच निघा. लांब जाणं जमत नसेल तर पक्क्या इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याहून वर.

अजून एक गोष्ट घरात ठरवून टाका. बाहेरगावचा एकच माणूस नेमायचा, ज्याला सगळे ‘सेफ’ कळवतील आणि तो बाकीच्यांना सांगेल. म्हणजे एका माणसाला तीस जण फोन करत नाहीत. हा माणूस शांत डोक्याचा हवा आणि त्याचा फोन चार्ज असायला हवा. आमच्याकडे हे काम एकमताने नाशिकच्या काकूकडे गेलंय. मावशीचं नाव कुणी सुचवलंच नाही.