चर्चच्या अंगणातील क्लब

दिवंगत पोप फ्रान्सिस ज्या फुटबॉल क्लबचे आजन्म चाहते होते, त्याचा जन्म चर्चच्या अंगणात झाला, हे आम्ही वाचकांस सांगू इच्छितो. १९०८ साली बुएनोस आयरेस येथे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना ट्रामचा धोका आहे, हे पाहून सलेशियन धर्मगुरू फादर लोरेन्झो मास्सा यांनी त्यांना अंगण खुले केले. अट एकच होती : रविवारच्या मिस्साला यावे. त्यातून 'सान लोरेन्झो' उभा राहिला. १९७९ साली त्याचे जुने मैदान गेले; वस्तीशी जडलेले नाते मात्र टिकले. २०१४ साली क्लबने दक्षिण अमेरिकेचा सर्वोच्च करंडक, कोपा लिबर्तादोरेस, जिंकला.

आपल्या महाराष्ट्रात असे नाते कोल्हापुरात दिसते. तेथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल संघ घडविले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा त्यांच्यामागे सारी पेठ उभी असते. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला.

आमच्या मते, हेमलकशाकडील वनवस्तीतही असा संघ उभा राहू शकेल. त्यासाठी प्रथम, मिस्सा आटोपल्यावरही मुलांसाठी अंगणाचे फाटक उघडे राहावे.