रोजच्या भाकरीचा भरवसा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार बहुधा धर्मांतराच्या प्रश्नापाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. त्यामुळे ह्या वाङ्मयातील एक अधिक मूलगामी प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे. देव रोजच्या गरजा भागवतो, ही श्रद्धा प्रत्यक्ष संसारात कशी निभावते, हा तो प्रश्न होय. डोंगरावरील प्रवचनात ख्रिस्ताने पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला देऊन उद्याची चिंता वाहू नये असे सांगितले आणि प्रार्थनेत आजच्यापुरतेच अन्न मागावयास शिकवले. ह्या अन्नासाठी मराठी भाषांतरात ‘भाकर’ हा शब्द रूढ झाला. भाकरी आयती मिळत नाही. ती रोज थापावी लागते आणि ती थापणारे हात बहुधा स्त्रीचे असतात. ह्या श्रद्धेची महाराष्ट्रातील सर्वांत कसून परीक्षाही दोन स्त्रियांच्याच लेखनात झालेली दिसते.

पहिल्या पंडिता रमाबाई. 1907 साली लिहिलेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी आपले बालपण सांगितले आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी दैवी कृपेच्या आशेने तीर्थयात्रा, दानधर्म आणि अनुष्ठाने ह्यांत सर्व द्रव्य वेचले. अंगमेहनतीचे काम कुटुंबास ठाऊक नव्हते. अखेर दुष्काळात आईवडिलांचा अंत झाला. म्हणजे देवावरील भरवशाचे एक दिवाळे रमाबाईंनी लहान वयातच पाहिले होते.

पुढे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर ह्यांनी अनाथालय कसे चालवले, ह्याची हकीकत त्यांच्या वाचनात आली. कर्ज काढावयाचे नाही, माणसांपुढे हात पसरावयाचा नाही, गरज केवळ प्रार्थनेत सांगावयाची, हा म्यूलर ह्यांचा नियम होता. शारदासदनाला दहा वर्षे साहाय्य देण्याचे अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने ठरवले होते. ती मुदत संपत आली असतानाच, 1896-97 च्या दुष्काळात, रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. त्यांच्या पोटाची तरतूद हाताशी नव्हती. केडगावचे मुक्तिसदन ह्या धाडसातून उभे राहिले. मात्र तेथे प्रार्थनेबरोबर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छपाई शिकवली गेली. बालपणीच्या भरवशाशी कष्टांची जोड नव्हती. केडगावच्या भरवशाने कष्टांनाच उपासनेचे स्थान दिले.

असे असले तरी आत्मनिवेदन ह्या प्रकाराची एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांची प्रार्थना फळाला आली तेच ते लिहितात. जे उपाशी मेले त्यांची साक्ष कोणी नोंदवत नाही. रमाबाईंच्या लेखनाला इतरांहून वजन येते ते ह्याच कारणाने. त्यांच्या साक्षीत भुकेने गेलेल्या आईवडिलांनाही जागा आहे.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्यांच्या मार्गाने गेल्या. 1917 साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. हा कवीचा आणि संन्याशाचा भरवसा होता. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन टिळक मोकळे होत. संध्याकाळची चूल कशी पेटणार, हा विचार घरातील बाईकडे राही. ‘स्मृतिचित्रे’ हे ह्या दुसऱ्या बाजूचे लेखन आहे. त्यात तक्रार आहे, पण कडवटपणा नाही. विनोद आहे, पण श्रद्धेची टवाळी नाही. एकाच्या निश्चिंतपणाची किंमत दुसऱ्याच्या चिंतेने चुकती होते, हे सत्य लक्ष्मीबाईंनी उपदेशाचा शब्द न उच्चारता मांडले. त्यांच्या विनोदाचे वाङ्मयीन मोल ह्यात आहे.

मराठी वाचकाला हे चित्र सर्वस्वी अनोळखी वाटत नाही. देहूच्या घरातही एकीकडे विठ्ठलावर भार टाकलेला तुकाराम आणि दुसरीकडे रिकाम्या मडक्यांकडे पाहणारी जिजाई होती. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्या पुलावरून त्यांच्याबरोबर संतांच्या संसाराचा हा जुना पेचही आला. फरक इतकाच की जिजाईचे म्हणणे लोककथेने आणि अभंगांनी, म्हणजे इतरांनी सांगितले. लक्ष्मीबाईंनी आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले.

ह्या दोन्ही लेखनांतून निघणारा निष्कर्ष श्रद्धेच्या विरुद्ध जात नाही. भरवसा म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे केडगावच्या विहिरी सांगतात. तो इतरांच्या कष्टांवर उभा असेल तर त्या कष्टांची नोंद झाली पाहिजे, हे ‘स्मृतिचित्रे’ सांगतात. प्रार्थनेतील भाकर ‘माझी’ नसून ‘आमची’ आहे. ह्या एका सर्वनामात ती थापणारीचाही समावेश होतो, ह्याची जाणीव मराठी ख्रिस्ती गद्याने करून दिली.