प्लग बदलण्याआधी प्लग वाचा

मोटारसायकल चार-पाच किका मारूनही सुरू झाली नाही, की पहिला संशय जातो तो स्पार्क प्लगवर. हिंगोली जिल्ह्यातल्या पुष्कळ शिक्षकांच्या दृष्टीने हा प्रश्न शाळेच्या पहिल्या तासाशी जोडलेला असतो. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत या तालुक्यांतल्या आडवाटेच्या शाळा गाठायच्या तर दुचाकीच कामी येते. सोयाबीन किंवा हळदीवर फवारणी करणाऱ्या पाठीवरच्या पेट्रोल पंपातही असाच एक प्लग असतो. तो रुसला की फवारणी अडते.

अशा वेळी ठरलेला उपाय म्हणजे नवा प्लग. गाडी सुरू होते, आपण खूश होतो. पण कधीकधी महिन्याभरात तोच प्रकार पुन्हा घडतो आणि पुन्हा नवा प्लग विकत घ्यावा लागतो. असे झाले तर समजावे की दोष प्लगमध्ये नव्हताच. प्लग फक्त दोषाची खबर देत होता. ती खबर कशी वाचायची आणि प्लग घरच्या घरी कसा बदलायचा, ते आपण पाहू.

प्लगची रचना साधी आहे. मधोमध धातूचा एक दांडा, त्याच्याभोवती पांढऱ्या चिनी मातीसारखे दिसणारे अ‍ॅल्युमिनाचे आवरण, आणि बाहेर आटे पाडलेले लोखंडी कवच. कवचाच्या टोकाला एक वाकडे बोट असते. मधला दांडा आणि हे बोट यांच्यात लहानशी फट ठेवलेली असते. ठिणगी उडते ती या फटीत. दुचाकींमध्ये ही फट साधारणपणे ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

आता प्रश्न असा, की बॅटरी तर १२ व्होल्टची. मग हवेतून ठिणगी उडते कशी? याचे उत्तर दहावीच्या पुस्तकातल्या विद्युत्चुंबकीय प्रवर्तनात आहे. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेले हेच तत्त्व. इग्निशन कॉइलमध्ये कमी वेढ्यांची एक आणि हजारो वेढ्यांची दुसरी अशी दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह झटकन बदलला की दुसऱ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला आणि ही पद्धत मोटारींमध्ये रुळली.

उघड्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला सुमारे तीन ते चार हजार व्होल्ट लागतात. इंजिनात मात्र पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबून सुमारे नवव्या हिश्शाइतक्या जागेत कोंबलेले असते. महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत कोणी धावू म्हटले तर दोन पावलांतच कोणाला तरी धडकणार. दाबलेल्या वायूत इलेक्ट्रॉनची गत अशीच होते. वेग घेण्याआधीच तो रेणूंवर आदळतो. त्याला पुरेशी ऊर्जा मिळायची तर विद्युत्दाब कितीतरी वाढवावा लागतो; तो दहा हजार व्होल्टच्या पुढेही जातो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. प्लग काढून इंजिनच्या हेडला टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी दिसली की ‘प्लग चांगला आहे’ म्हणायचे, अशी एक रीत आहे. पण उघड्या हवेत ठिणगी देणारा प्लग दाबाखाली ती देईलच असे नाही. शिवाय उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते आणि शेजारीच ठिणगी! ही परीक्षा अपुरीही आहे आणि धोक्याचीही.

प्लग झिजतो का? एक हिशेब करू. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते. ताशी ५० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेते असे धरले, तर मिनिटाला २००० ठिणग्या, तासाला १ लाख २० हजार. दहा हजार किलोमीटरसाठी २०० तास, म्हणजे २ कोटी ४० लाख ठिणग्या! प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण खाते. धारदार कडा गोल होतात, फट रुंदावते, ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि शेवटी ती अधूनमधून चुकू लागते. ही खरी झीज. ती दिसली तर प्लग बदलणे योग्यच.

आता वाचनाकडे वळू. प्लगच्या टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त राहिले तर त्यावरची काजळी जळून जाते. पण ते फार वाढले तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू लागते. टोकाचा रंग याची साक्ष देतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सगळे ठीक. कोरडी, मऊ काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक ओढलेला राहिला असेल, किंवा धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर तुंबला असेल. ओला, तेलकट काळा थर चार-स्ट्रोक इंजिनात दिसला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. फवारणी पंपाच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. तिथे आधी मिश्रणाचे प्रमाण तपासावे. पांढरेफटक, फोड आलेले टोक म्हणजे अति उष्णता. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे किंवा चुकीच्या प्रकारचा प्लग बसवला आहे. फिल्टर तुंबलेला असताना दहा प्लग बदलले तरी अकरावाही काळाच निघेल. मात्र गाडी काही किलोमीटर चालवून थंड केल्यावरच रंग पाहावा. नुकत्याच सुरू करून बंद केलेल्या इंजिनचा प्लग काळा दिसतोच.

बदलताना इंजिन पूर्ण थंड असावे. हेड अ‍ॅल्युमिनियमचे, प्लगचे कवच लोखंडी. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गरम हेडमध्ये आवळलेला प्लग थंड झाल्यावर आणखी जखडतो आणि पुढे काढताना आटे उखडतात. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. वायर न ओढता टोपी धरून काढावी आणि प्लग पान्ह्याने सैल करावा. नवा प्लग पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. तो आधी बोटांनीच फिरवावा. सहज फिरत नसेल तर आटे तिरके बसत आहेत. बाहेर काढून पुन्हा लावावा. वॉशर टेकला की पान्ह्याने साधारण अर्धा फेरा पुरे. जुनाच प्लग परत लावत असाल तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो; एका फेऱ्याचा आठवा भागही बास होतो. सैल ठेवणेही वाईट, कारण प्लगची उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधूनच हेडकडे जाते.

मोठ्या स्पोर्ट्स कारलाही हेच नियम लागू पडतात, फक्त प्लग अधिक. मारुती ८०० मध्ये तीन सिलिंडर होते. पोर्श ९११ मध्ये सहा, तेही आडवे, तीन-तीन समोरासमोर. त्यामुळे तिथे प्लगपर्यंत हात पोहोचवणे हेच निम्मे काम. इरिडियमचे टोक असलेल्या प्लगची फट ठोकून बदलू नये. ते बारीक टोक मोडते. मात्र अनेक सिलिंडरांचा एक फायदा आहे. काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवले, तर सहांपैकी एकच काळा असल्यास दोष त्याच सिलिंडरपाशी शोधायचा हे लगेच कळते.

वर्गासाठी एक काम सुचवतो. गावातल्या गॅरेजमधून टाकून दिलेले दहा-बारा प्लग मागून आणा. भिंगाखाली टोकांचे रंग आणि कडा पाहून त्यांचे गट पाडा. फट मोजायला फिलर गेज नसेल तर वहीच्या १०० कागदांची जाडी पट्टीने मोजा, एका कागदाची काढा आणि फटीत किती कागद मावतात ते पाहा. प्रत्येक प्लगचे निदान विद्यार्थ्यांना लिहू द्या, मग मेकॅनिकला वर्गात बोलावून ते पडताळून घ्या. जिथे निदान जुळणार नाही, तिथे दोन्ही बाजूंनी कारणे मागा. त्या दिवशीचा विज्ञानाचा तास बहुधा घंटा झाली तरी संपणार नाही.