शक्करनगर: मांजरेच्या पाण्यावर उभा राहिलेला कारखाना

बिलोलीकडून मांजरा ओलांडून तेलंगणात उतरलं की बोधन जवळच. बाजारात तेलुगू, उर्दू आणि मराठी तिन्ही चालतात. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत देगलूर तालुक्यातला बिचकुंदा-जुक्कलचा भाग निजामाबादकडे गेला. सोयरिकी मात्र आजही सीमा पाहून होत नाहीत. या बोधनला लागूनच शक्करनगर, म्हणजे निजाम शुगर फॅक्टरीची वसाहत. एकेकाळी हा आशियातला सर्वांत मोठा साखर कारखाना म्हणून ओळखला जाई. आज तो बंद आहे.

त्याची गोष्ट सुरू होते ती आपल्याच नदीपासून. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर, बिदर करत तेलंगणात जाते आणि मग उत्तरेकडे वळून कुंडलवाडीजवळ गोदावरीला मिळते. या वळणाच्या पुढे 1923 ते 1931 या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर बांधला गेला. धरण झालं, कालवे निघाले, आणि एवढ्या पाण्याचा उठाव करणारं पीक म्हणून ऊस आला. 1937 साली कारखाना उभा राहिला. पुढच्याच वर्षी जानकमपेटहून बोधनपर्यंत रेल्वेचा फाटा आला. कारखान्याची स्वतःची हजारो एकर ऊसशेती होती, कामगारांसाठी क्वार्टर्स होती. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या आधी, सरकारी भांडवलावर उभा राहिलेला हा पसारा. त्यात लोकशाही नावालाही नव्हती, पण आखणी पक्की होती: आधी पाणी, मग ऊस, मग गाळप.

साखरेबरोबर मळी आलीच. दाणेदार साखर वेगळी काढल्यावर उरणारा हा काळा, चिकट पाक. शक्करनगरच्या डिस्टिलरीत त्यापासून मद्यार्क निघे, आणि त्यातूनच पेट्रोलमध्ये मिसळायचं ‘पॉवर अल्कोहोल’. इथेनॉलचा आज जो गाजावाजा चालतो, तो ऐकून बोधनच्या एखाद्या जुन्या कामगाराला हसूच येईल.

काम सांगायला सोपं, सांभाळायला अवघड. मळीत पाणी घालून ती पातळ करायची, यीस्ट सोडायचं. टाकीत फेस चढतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि साधारण दीड दिवसात आठ-नऊ टक्के मद्यार्काचं आंबवण तयार होतं. इथपर्यंत बिअरची भट्टी आणि ही डिस्टिलरी सख्ख्या बहिणी. पुढे मात्र हे आंबवण उंच स्तंभांत वाफेवर चढवतात आणि 95 टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट काढतात. गाडीच्या इंधनात मिसळायचं तर उरलेलं पाणीही काढावं लागतं. मागे राहतं ते तांबूस-काळं, उग्र वासाचं सांडपाणी, एका लिटर स्पिरिटमागे दहा-पंधरा लिटर. डिस्टिलरीजवळच्या गावांना हा वास वेगळा सांगायला नको.

पुढे दोन गोष्टी झाल्या. धनेगावला मांजरा प्रकल्प झाला, त्याच्या जोरावर लातूर भागात ऊस वाढला, आणि विलासराव देशमुखांच्या पुढाकाराने मांजरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या खाली, पण निजामसागरच्या वर, सिंगूर धरण झालं, ते हैदराबादला पाणी पाजू लागलं. निजामसागरच्या वाट्याला वरून येणारा ओघ आटला. ज्या पाण्यासाठी शक्करनगर वसवलं, ते वाटेतच खर्ची पडू लागलं.

सगळा दोष पाण्यावर ढकलणं मात्र खरं नाही. 2002 मध्ये आंध्र सरकारने 51 टक्के हिस्सा खासगी कंपनीला दिला. त्यावरून वाद झाले, चौकश्या झाल्या, शेतकऱ्यांची आणि कामगारांची देणी थकली. डिसेंबर 2015 मध्ये कारखाना बंद झाला. नंतर प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. प्रत्येक निवडणुकीत तो पुन्हा सुरू करण्याचं आश्वासन मिळतं. माझ्या मते यंत्रं बदलता येतील, पैसाही उभा करता येईल; हमखास पाणी आणि ऊस कुठून आणणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं.

बोधनचा कारखाना बंद पडल्यावर चारच महिन्यांनी, 12 एप्रिल 2016 रोजी, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला कारखाना बंद आणि वरच्या अंगाला पिण्याचं पाणी रेल्वेने.

लातूर-नांदेड पट्ट्यात आता ऊस, साखर आणि इथेनॉलचे नवे प्रकल्प होत आहेत. त्यांच्या संचालक मंडळांनी पुढच्या सर्वसाधारण सभेआधी एकदा शक्करनगर पाहून यावं. नांदेडहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं.