बसलेल्या पॅकेजाची नक्कल

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या कोर्टाच्या दप्तरखान्यात ज्याची उठबस आहे, त्यास अस्सल दस्त आणि नक्कल यांतील भेद शिकवावा लागत नाही. परंतु त्याच कोर्टातील संगणकाची गोष्ट निघाली, की भलेभले हा भेद विसरतात. ई-कोर्ट प्रकल्पाने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स पत्करले आणि खटल्यांच्या नोंदींची सीआयएस प्रणाली पुण्याच्या एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेत घडली, तेव्हा सॉफ्टवेअरच्या नकलेचा हा विषय आता परंडा-उमरग्यापर्यंत पोहोचला आहे.

यंत्रावर बसलेल्या सॉफ्टवेअरचे पॅकेज पुन्हा हवे असल्यास सोर्स कोड आणून तो नव्याने कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज निराधार होय. उबुंटूचे मूळ जे डेबियन, त्यात प्रत्येक पॅकेजाच्या फाइलींची फेरिस्त, बसविण्याच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजांचा तपशील डीपीकेजी या पॅकेजे बसविणाऱ्या साधनाच्या दप्तरी जमा असतो. जोई हेस यांनी लिहिलेले डीपीकेजी-रिपॅक हे साधन त्या फेरिस्तीबरहुकूम फाइली गोळा करून डेब पॅकेज बांधते. रेड हॅटच्या परंपरेत आरपीएमरिबिल्ड आणि जेंटूत क्विकपीकेजी हेच काम करतात. कंपायलरचा येथे संबंधच येत नाही.

मात्र असे पॅकेज मुळाबरहुकूमच असते, हा दुसरा समज अधिक घातक आहे. सिस्टिम ऑफिसरने ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरातील फाइलींत जे फेरफार केले असतील, मग त्यांत एखादा पासवर्ड का असेना, ते सारे नव्या पॅकेजात जसेच्या तसे उतरतात, आणि आवृत्तीचा क्रमांक मात्र जुनाच राहतो. वर्णनाच्या शेवटी हे पॅकेज अमुक तारखेस पुन्हा बांधले असा शेरा पडतो खरा, पण तो वाचतो कोण? म्हणून आधी डीपीकेजीची व्हेरिफाय आज्ञा चालवावी. ज्या ओळीच्या तिसऱ्या स्थानी 5 हा अंक दिसेल, ती फाइल मुळापासून ढळली आहे असे समजावे. उबुंटूच्या भांडाराची सही ज्या चेकसमांच्या यादीवर असते, तीत या नव्या पॅकेजाचा चेकसम नसतो, सबब त्या सहीचा आधार त्यास मिळत नाही. भांडारातून पॅकेजे उतरविणाऱ्या एपीटीच्या कॅशमध्ये मूळ डेब फाइल शिल्लक असेल, तर तीच घ्यावी.

अशा पुन्हा बांधलेल्या पॅकेजालाच बॅकअप म्हणणारेही भेटतात. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसातील नोंदी पॅकेज बसल्यानंतर निर्माण होतात, फेरिस्तीत नसतात, आणि म्हणून रिपॅकमध्ये येत नाहीत. त्यांसाठी डम्प स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. पॅकेज कोणत्याही यंत्रावर चालेल हेही खरे नाही, कारण प्रोसेसरची जात आणि लायब्ररींच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात.

जे सॉफ्टवेअर मेक इन्स्टॉलने थेट यूएसआर-लोकलमध्ये टाकले, त्याची दप्तरी नोंदच नसते. तेथे रिपॅक निरुपयोगी. अशा वेळी चेकइन्स्टॉल कामास येते, परंतु ते बसवितानाच वापरावे लागते, मागाहून नव्हे.